मोज्यांचा तिसरा जोड

वनितामावशीने माझ्या तोंडाकडे पाहिलं ते मी कामाला लागल्याच्या तिसऱ्या दिवशी. त्याआधीचे दोन दिवस ती माझे पायच पाहत होती.

भिवंडीजवळच्या पूर्णा इथल्या एका गोदामात आम्ही पिकर होतो. हातात स्कॅनर घेऊन रॅकमधून माल काढायचा, ट्रॉलीत टाकायचा आणि पुढच्या रॅककडे चालू लागायचं. कामाच्या आधी बायकांच्या खोलीत भिंतीलगतच्या बाकावर बसून सेफ्टी शूज चढवायचे. मी मोजे घालत होते तेवढ्यात समोरून आवाज आला.

"ते काय घातलंस गो?"

"मोजे."

"ते मोजे न्हाय. ती पिशवी हाय, नायलॉनची. पावसात मोबाइल ठेव त्यात. पाय नको ठेवू."

खोली हसली. मला राग आला. कॉलेज संपवून आलेली होते, आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती, वडील छापखान्यात कामाला आणि चळवळीची सगळी पत्रकं तिथेच निघायची. मी अक्षरं ओळखायला शिकले तीच 'बंधू-भगिनींनो' या शब्दावरून. शोषण, वेतन, कामाचे तास यांवर कुणीही बोलावं, मी वाद घालायला तयार. आणि ही पन्नाशीची बाई माझ्या मोज्यांबद्दल बोलत होती. शिफ्ट संपली तेव्हा माझ्या दोन्ही करंगळ्यांवर पाणी भरलेले फोड होते. दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने तिच्या शेजारी जाऊन बसले.

"दाखव," ती म्हणाली. फोड पाहून तिला वाईट वाटल्याचं काही दिसलं नाही. फळाचा वास घेऊन बाई मान हलवते तशी तिने मान हलवली. "बरोबर. इथंच येनार होते."

मोज्यांवर लिहिणार म्हटल्यावर मला अजून काही जण सांगतात, लिहायचंच तर मोठ्या विषयावर लिही. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की एक दिवस आमच्या फरशीवर चालून या. सकाळी सात ते दुपारी तीन, पायात लोखंडी टोपीचे बूट, मध्ये अर्धा तास सुट्टी. मग मोठा विषय कोणता ते आपण बसून ठरवू.

वनिता भोईर हे तिचं पूर्ण नाव. खारबावच्या पुढच्या एका गावातून ती शेअर रिक्षा बदलत यायची. गोदामात येण्याआधी भिवंडीतल्या मोज्यांच्या एका लहानशा कारखान्यात तिने अकरा वर्षं काम केलं होतं. मशीनमधून मोजा निघतो तेव्हा बोटांकडची बाजू उघडी असते. ती बाजू शिवायचं काम तिचं. कारखाना बंद पडला, पण हाताची सवय गेली नाही. कुठलाही मोजा समोर आला की आधी ती तो उलटा करायची. मग आत मूठ घालून ताणायची, उजेडाकडे धरायची आणि अंगठ्याचं नख शिवणीवरून फिरवायची. शिवण नखाला लागली तर बोटालाही लागणार, हा तिचा नियम. तसला मोजा घालावाच लागला तर उलटा घालायचा, शिवण बाहेर ठेवून. आमच्या गोदामातल्या बायका मोजे उलटे घालतात हे बाहेरच्या कुणाला कळलं असतं तर अडाणीपणा वाटला असता. तो अकरा वर्षांचा अनुभव होता.

कुणी मोज्यांचं विचारलं की ती चार प्रश्न विचारायची. काम काय, म्हणजे चालायचं की उभं राहायचं की बसायचं? पाणी लागतं का? घाम किती येतो? आणि चौथा, जो मी दुसऱ्या कुणाच्याच तोंडून ऐकला नाही: "मोजा काढाया कवा मिळतो?"

तिचं सगळं गणित या चौथ्या प्रश्नावर होतं. ऑफिसात बसणाऱ्याला टेबलाखाली पाय मोकळे करता येतात, त्याने निव्वळ सुती घालावा. पण दिवसभर चालणाऱ्याने निव्वळ सुती घालू नये. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं, ओलं सूत कातडी सोलतं. चालणाऱ्याला सूत जास्त आणि नायलॉन थोडं असा मिश्र मोजा, टाचेला आणि पंज्याला टॉवेलसारखा जाड. शेजारच्या थंड गोदामात जाणाऱ्या मुलींना ती सांगायची, आत पातळ, वर लोकरीचा ढिला. "दोन घट्ट घातलेस तर रगत अडतं आनि पाय अजून गार पडतात. थंडी बाहेरून येते तशी आतून पन येते." बाइकवरून पार्सल वाटणाऱ्या तिच्या पुतण्याला पावसाळ्यात डिकीत प्लास्टिकमध्ये बांधलेला कोरडा जोड ठेवावाच लागे; नाही ठेवला तर ती त्याला जेवायला वाढत नसे, असं तो स्वतः सांगायचा. गरोदर बाईच्या मोज्याचं रबर ती कात्रीने दोन जागी कातरून द्यायची.

एकदा तिच्याबरोबर धामणकर नाक्यावर गेले होते. रिक्षांच्या रांगेपुढे एका हातगाडीवर मोज्यांचा ढीग होता. मावशीने एकेक जोड उलटा करायला सुरुवात केली. दहा झाले, पंधरा झाले. गाडीवाला आधी हसत होता, मग त्याचा चेहरा बदलला.

"मौसी, मोज़ा है. दूल्हा पसंद नहीं कर रही हो."

"दुल्हा असता तर एवढा नसता बगितला," ती मराठीतच म्हणाली. "त्याला घरातून बाहेर पाठवता येतं. ह्यो दिवसभर पायात ऱ्हातो."

"सब एक ही माल है."

"एकच हाय? मग हे बग." तिने दोन मोजे त्याच्या नाकासमोर धरले. "ह्याचा गुडघ्याकडचा पट्टा बग, आनि ह्याचा. हा तुज्या चाचाला दिलास तर संध्याकाळी पायावर वळ उठंल. साखर हाय ना चाचाला?"

गाडीवाल्याने मागे वळून पाहिलं. चाचा गाडीमागे स्टुलावर बसला होता, सुजलेले पाय चपलेत मावत नव्हते. मावशीने ढिगातून ढिल्या तोंडाचा पांढरा जोड काढला, त्याच्या हातात दिला आणि आपल्यासाठी काहीच न घेता पुढे निघाली. रिक्षात बसल्यावर मी विचारलं, पांढराच का?

"रगत दिसाया पायजे. साखरवाल्याला दुखत न्हाय, त्याला दिसाया पायजे."

हे ती शिकली होती घरी. तिचे यजमान, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, तीस वर्षं पॉवरलूमवर उभे राहिले होते. साखरेने त्यांच्या डाव्या पायाचं एक बोट गेलं होतं. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा अंगणातल्या तारेवर मोजेच मोजे वाळत होते, सगळे बोटांकडून टांगलेले, कारण तोंडाकडून टांगलं तर पाण्याच्या वजनाने रबर ढिलं पडतं. कोपऱ्यात पंजे कापलेल्या जुन्या मोज्यांच्या नळ्या होत्या. भातकापणीला त्या हातात चढवायच्या, म्हणजे भाताच्या पातीने हात चिरत नाहीत.

"आणि भाताच्या आवणीला?" मी विचारलं. "चिखलात कुठले घालायचे?"

"चिखलात मोजा घालनारा येडा," ती म्हणाली. "चिखलाला पाय उघडाच द्यावा."

तात्या खाटेवरून म्हणाले, "पोरी, मना बगाया आमचे सासरे हिला घेऊन आले. लोकं बोलतात पोरगी लाजून खाली बगते. ही लाजत नव्हती. माजं पाय बगत होती."

"मग काय तोंड बगाचं होतं?" मावशी चुलीकडून म्हणाली. "तोंडात काय हाय?"

आता तिच्या दोषाबद्दल. दोष लपवून लिहिलेलं माणूस पोस्टरवर शोभतं, आणि ती पोस्टरवरची बाई नव्हती. तिला आपल्या विद्येचा गर्व होता. एखादीने न विचारता मोजे आणले तर दोन दिवस तिच्याशी बोलायची नाही. सुपरवायझरने "आंटी को पूछो" म्हटलं की तिची मान एक इंच वर जायची. त्या गर्वापायी पुढे जे घडलं ते मला सांगायचं आहे.

गोदामात सेफ्टी शूज कंत्राटदार द्यायचा. फुकट द्यायचा, हे तो वारंवार सांगे. पण त्यांत सातच्या खालचा नंबर नव्हता. बूट पुरुषांसाठी मागवलेले, आणि बायका घेतल्या तरी ऑर्डर तीच राहिली. आमच्यातल्या बहुतेकींचा पाय तीन, चार किंवा पाच नंबरचा. बूट पायात ढिला बसायचा, चालताना टाच उचलली जायची आणि बूट मागून फरशीवर आपटायचा. शिफ्ट सुटली की दारातून नुसता फट-फट आवाज यायचा.

मावशीने यावर तोड काढली होती. पहिला जोड पातळ, उलटा घातलेला. त्यावर दुसरा टॉवेलसारखा जाड. आणि तिसरा जोड जुना, पंजा कापलेला, टाचेभोवती दुमडून घट्ट बसवलेला, म्हणजे बुटाचा मागचा भाग टाच धरून ठेवतो. तिने बाकावर बसवून प्रत्येक नव्या मुलीला हे शिकवलं. आवाज बंद झाला. आम्ही चालू लागलो. मी तर भारावून गेले. मी म्हटलं, मावशी, हे लिहून काढू. मी पत्रकाच्या भाषेत सुरुवात केली, 'श्रमिक भगिनींनो'. तिने कागद वाचला आणि परत दिला.

"यात पाय कुठं हाय?"

मग मी ती सांगेल तसं लिहिलं. चार प्रश्न, तीन जोड, शिवण कुठे, टाच कशी. खाली बुटाचं चित्र काढलं. तो कागद आम्ही बायकांच्या खोलीत भिंतीला चिकटवला. मी लिहिलेला हा पहिला कागद, जो लोकांनी शेवटपर्यंत वाचला.

मॅनेजरनेही वाचला. त्याला तो फार आवडला. महिन्याभरात कागदाच्या झेरॉक्स निघाल्या, वर गोदामाचा शिक्का बसला आणि मावशीला दर सोमवारी नव्या मुलींना मोजे घालायला शिकवायचं काम मिळालं. गळ्यातली ओळखपत्राची पिवळी पट्टी जाऊन निळी आली. बसायला खुर्ची मिळाली. तिचे गुडघे तेव्हा फार दुखत होते, चालणं बंद झालं म्हणून ती सुखावली होती. निळी पट्टी ती घरी जातानाही काढत नसे. तात्या तिला 'मास्तरीन' म्हणू लागले.

आम्ही दोघींनी एक गोष्ट विचारलीच नाही. बूट मोठा का आहे?

पावसाळ्यात रुखसार पडली. रुखसार आमच्यातली सगळ्यात चपळ पिकर. तिचा बाप लूमवर, आई घरी धाग्याचं काम करणारी, आणि ही बोलत बोलत दोन रॅक संपवणारी. त्या दिवशी ती चाकांच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून माल घेऊन खाली उतरत होती. पाय निघाला, बूट पायरीवरच राहिला. उजवं मनगट मोडलं.

संध्याकाळी आम्ही तिला भेटायला दवाखान्यात गेलो. आत शिरताच मावशीने तिला काय विचारावं?

"तिसरा जोड कुठं होता गो तुजा?"

रुखसारचा हात प्लास्टरमध्ये होता. ती थकलेली होती, तरी हसली. "मौसी, सूखाच नहीं था. चार दिन से बारिश है. तीन-तीन जोड़ी सुखाऊँ किधर? घर में डोरी एक है और आदमी सात."

"मंग दोनावर शिडी चढलीस कशाला?"

"शिफ्ट थी ना." मग ती मावशीकडे वळली. "मौसी, एक बात बताओ. मेरे पाँव का नंबर क्या है?"

मावशीला गोदामातल्या प्रत्येक बाईच्या पायाचा नंबर तोंडपाठ होता. "चार," ती लगेच म्हणाली.

"तो मैं सात काय को पहनती हूँ?"

प्रश्न साधा होता. तिच्या आवाजात टोमणाही नव्हता. खाटेच्या कडेला बसून मावशीने तिचे उघडे पाय चादरीखाली सारले आणि बराच वेळ चादरीवरून हात काढला नाही. परत येताना रिक्षात माझ्या डोळ्यांसमोर माझाच कागद होता, वर गोल शिक्का मारलेला.

दोन दिवसांनी मॅनेजरने मावशीला केबिनमध्ये बोलावलं; तिने मलाही बरोबर नेलं. हातात एक टाइप केलेला कागद दिला, सही करायला. मी तो तिच्या खांद्यावरून वाचला. त्यात लिहिलं होतं की कामगार रुखसार हिला मोजे घालण्याचं रीतसर प्रशिक्षण दिलेलं असूनही अपघाताच्या वेळी तिने सूचनेप्रमाणे मोजे घातले नव्हते. खाली 'प्रशिक्षक' असं लिहून रेघ मारलेली. सोबत पुरावा म्हणून आमचा कागद जोडलेला, माझ्या अक्षरातला.

ती सही झाली की चूक रुखसारची. मग उपचाराचा खर्च तिचा, सुट्टीचा पगार नाही, आणि हात बरा झाल्यावर कामावर घेतील याची खात्री नाही. सही नाही झाली तर खुर्ची आणि निळी पट्टी जाणार, हे कुणी बोललं नाही, पण केबिनमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"सोमवारी देते," मावशी म्हणाली. "नीट वाचून देते."

मी त्या रात्री दोन पानी निवेदन लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जळजळीत. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ते घेऊन गेले तर मावशी खोलीच्या फरशीवर बसलेली होती, समोर फाडलेले खोके, हातात मार्कर.

"बूट काढ. मोजे पन काढ. उभी ऱ्हा यावर."

ती पायांचे ठसे घेत होती. खोक्याच्या पुठ्ठ्यावर बाई उभी राहायची, मावशी गुडघ्यांवर वाकून पायाभोवती मार्कर फिरवायची, मग कात्रीने तो पाय कापून त्यावर नाव लिहायची. गुडघे दुखत होते, प्रत्येक वेळी उठताना ती भिंतीचा आधार घेत होती. मी म्हटलं, मावशी, मी धरते मार्कर. "नको," ती म्हणाली, "तू वाकडा काढशील." बायका आधी खिदळत होत्या. "मावशी, गुदगुल्या होतात गो!" "मावशी, मेरा पाँव गोरा बनाना." मग हळूहळू हसणं थांबलं. बाकावर पाय साचत गेले. एवढे लहान पाय, एकाशेजारी एक मांडलेले, मी कधी पाहिले नव्हते. संध्याकाळी ती रुखसारच्या घरी गेली आणि तिचाही पाय कापून आणला.

सोमवारी आम्ही केबिनमध्ये गेलो. माझं निवेदन मी बाहेर काढत होते. "ते ऱ्हाऊ दे खिशात," ती म्हणाली. तिने पिशवीतून पुठ्ठ्याचे पाय काढून मॅनेजरच्या टेबलावर ठेवले. मग एक नवा कोरा सात नंबरचा बूट ठेवला.

"आंटी, हे काय?" मॅनेजर तसा वाईट माणूस नव्हता. तरुण होता, नम्र होता, आणि त्याच्यावरही कुणीतरी होतं. मी तेव्हा हे मानायला तयार नव्हते. "सही केलीत का?"

मावशीने रुखसारच्या नावाचा पाय उचलला, बुटात टाकला आणि बूट कानाजवळ नेऊन हलवला. आत पुठ्ठा खडखडला.

"ऐका साहेब. वाजतो."

"आंटी, पण तुम्हीच तर शिकवलंत. तीन मोजे घातले की बूट बसत होते ना?"

"बसत नव्हते, साहेब. मी बसवत होते."

तिने टेबलावरचं पेन घेतलं, तो टाइप केलेला कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागली. सातवीपर्यंत शिकलेली बाई, अक्षर मोठं, सावकाश. मी वाकून वाचलं. 'मी मोजे शिकवले ते चुकीचे शिकवले. पोरीची चूक नाही. पाय चार नंबर, बूट सात नंबर. तिसरा मोजा घालावा लागतो तो बूट पायाचा नाही.' खाली सही केली, आणि गळ्यातली निळी पट्टी काढून बुटाशेजारी ठेवली. कुणी मागितली नव्हती.

"पाय तुमच्याकडे ऱ्हाऊ देत," ती म्हणाली. "दुकानदाराला दाखवाया लागतील."

मी आजवर शेकडो पत्रकं वाचली आहेत, काही लिहिली आहेत. त्या चार ओळींच्या तोडीचं एकही नाही. त्यांत लिहिणारीने पहिला दोष स्वतःवर घेतला होता, आणि त्यानंतर उरलेला दोष कुणाचा ते समोरच्याला आपोआप दिसत होतं. आमची पत्रकं दुसऱ्याकडे बोट दाखवून सुरू होतात. ती तशी सुरू होतात म्हणूनच बहुधा नाक्यावरच्या फुटपाथवर पडलेली सापडतात.

मॅनेजरने तो कागद पुढे पाठवला. दाबून ठेवला असता तर ठेवू शकला असता. हे श्रेय मी त्याला आज देते. रुखसारचा उपचाराचा खर्च मिळाला, सुट्टीचा पगारही मिळाला, उशिरा. हात बरा झाल्यावर ती परत आली. पाऊस सरल्यावर बुटांची खोकी आली, त्यांत चार होते, पाच होते. तीन नंबर मात्र नव्हता. आणि महिना संपल्यावर मावशीचा गेट पास पुढे चालू झाला नाही. कारण विचारलं तर कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, कारण काही नाही.

मी पेटले होते. गेटवर बसू, पत्रक काढू, छापखाना आहेच. ती आपले मोजे पिशवीत भरत म्हणाली, "माज्यासाठी नको गो. तीन नंबरवाल्या पाच जनी हायेत. त्यांच्यासाठी काढ. आनि त्यात पाय घाल."

मी काढलं. त्यात पाय घातला. उशिरा का होईना, तीन नंबरचे बूटही आले.

तिला मी शेवटचं पाहिलं ते त्याच हिवाळ्यात, दुपारी तीनच्या सुमाराला. तात्यांना घेऊन ती नाशिकला मुलीकडे कायमची जाणार होती. जाण्याआधी एकदा सगळ्यांच्या पायात नवे बूट बघायचेत, असा निरोप तिने पाठवला. माझी त्या दिवशी सुट्टी होती. गेटसमोरच्या रस्त्याच्या पलीकडे चहाची टपरी आहे, तिथे आम्ही बाकड्यावर बसलो. मधून कंटेनर जात होते, धूळ उडत होती. चहा आला तेव्हा तिने टपरीवाल्याच्या पायांकडे पाहून घेतलं. तो अनवाणी होता, त्यामुळे तिला काही बोलता आलं नाही.

शिफ्ट सुटली. बायका गेटमधून बाहेर येऊ लागल्या. मी म्हटलं, ती बघ रुखसार. मावशीने पाहिलं नाही. तिने डोळे मिटले होते. ग्लास हातात तसाच धरून ती मान किंचित वाकडी करून बसली होती. मला वाटलं, तिला रडू येतंय. मग माझ्या लक्षात आलं की ती ऐकतेय. एक कंटेनर गेला आणि मध्येच शांतता पडली, तेव्हा मलाही ऐकू आलं. पन्नास-साठ बायका चालत होत्या आणि पावलांचा आवाज येत होता, नुसता पावलांचा. फट-फट नव्हती.

तिच्या चेहऱ्यावर हसू पसरत होतं. ते अर्ध्यावर थांबलं.

"एक वाजतोय," ती म्हणाली.

तिने डोळे उघडले. घोळक्याच्या शेवटी एक नवी पोरगी येत होती, बारकीशी, पावलागणिक टाच बुटातून वर येणारी. मावशीने ग्लास बाकड्यावर ठेवला. तिच्या गुडघ्यांना रस्ता ओलांडणं सोपं नव्हतं. डावीकडून लांबलचक ट्रेलर येत होता, हॉर्न देत. मी "मावशी, थांब!" म्हणेपर्यंत ती रस्त्यावर उतरली होती. एक हात वर करून तिने ट्रेलर थांबवला. ड्रायव्हर वरून काहीतरी ओरडत होता. तिने त्याच्याकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. ती त्या पोरीच्या पायांकडे बघत पलीकडे चालली होती.